मोकळीक मिळाली तर शास्त्रज्ञ कोणते क्षेत्र निवडतील?

प्रश्न असा आहे: भौतिकशास्त्रातील पीएच.डी. संपत आलेल्या एका संशोधकाला पुढची दहा वर्षे कोणत्या क्षेत्राला द्यावीत हे ठरवायचे आहे. अतिसंवाहकतेतच, म्हणजे काही पदार्थांतून वीज विनारोध वाहण्याच्या अभ्यासातच, राहावे, मेंदूविज्ञानाकडे वळावे की कृष्णद्रव्याच्या, म्हणजे डार्क मॅटरच्या, शोधात उतरावे, असे तीन मार्ग त्यांच्यासमोर आहेत. त्याआधी त्यांना हेही जाणून घ्यायचे आहे की पद आणि निधी यांची अडचण नसती तर अनुभवी शास्त्रज्ञांनी स्वतःसाठी कोणती क्षेत्रे निवडली असती. मी गेली तीस वर्षे प्रथिनांची रचना शोधण्याचे काम करतो. या काळात एकदा पद्धत आणि एकदा विषय बदलला आहे, आणि निवड समित्यांवर बसून इतरांच्या निवडीही जवळून पाहिल्या आहेत. त्या आधारावर हे उत्तर देतो.

आधी दुसरा भाग घेतो, कारण तो सोपा आहे. परिषदेतले शेवटचे सत्र संपल्यावर जेवणाच्या टेबलावर हा प्रश्न टाकला की उत्तरे बहुतेक ठरलेली येतात: जाणीव मेंदूत कशी निर्माण होते, निर्जीवातून सजीव कसा झाला, कृष्णद्रव्य कशाचे बनले आहे, शरीर म्हातारे का होते. हे प्रश्न खरोखरच मोठे आहेत आणि त्यांची ओढ वाटण्यात काही गैर नाही. मात्र असे उत्तर देणारे बहुतेक जण दुसऱ्या दिवशी आपापल्या जुन्या कामाला लागतात, आणि त्याचे कारण दर वेळी निधीची चणचण किंवा भित्रेपणा हेच असते असे नाही. ज्या विषयावर वाचायला आवडते आणि ज्या विषयात राबायला आवडेल, असे दोन वेगळे विषय एकाच माणसात सुखाने नांदत असतात. विश्वाच्या उत्पत्तीविषयी हाती पडेल ते मी वाचतो. पण त्या क्षेत्रात मी सहा महिनेही टिकलो नसतो.

कृष्णद्रव्याचेच पाहा, ते तुमच्या यादीत आहे. दुरून पाहता तो विश्वातील सुमारे ८५ टक्के पदार्थाचा शोध आहे. जवळ गेल्यावर दिसते ते जमिनीखाली खोल, शेकडो मीटर खडकाच्या आड ठेवलेले, काही टन द्रवरूप झेनॉनने भरलेले एक पिंप आणि त्याच्याभोवती रेडॉनशी चाललेले न संपणारे भांडण. रेडॉन हा किरणोत्सारी वायू स्क्रूमधून, केबलच्या आवरणातून, वेल्डिंगच्या सांध्यांतून अत्यल्प प्रमाणात झिरपत राहतो, आणि त्याच्या ऱ्हासातून उठणारे संकेत आपण ज्याची वाट पाहतो त्या संकेतात मिसळण्याचा धोका असतो. म्हणून पिंपात जाणारा सुटा भाग आधी शिशाच्या आड ठेवून त्याचा किरणोत्सार कित्येक दिवस मोजायचा, नापास झाला तर दुसऱ्या धातूचा करून घ्यायचा आणि पुन्हा मोजायचा. एवढे करून आजवर हाती आलेला निकाल म्हणजे ‘अमुक वस्तुमानाचा कण असलाच, तर तो साध्या पदार्थावर याहून अधिक वेळा आदळत नाही’ असे सांगणारी एक मर्यादारेषा, जी दर काही वर्षांनी आलेखावर आणखी थोडी खाली सरकते. या कामात उभे आयुष्य घालवून तृप्त असलेली माणसे मी पाहिली आहेत. विश्वाच्या कोड्याइतकाच, किंबहुना काकणभर जास्तच, त्यांना तो रेडॉन पकडण्यात रस असतो. तुम्हाला तो वाटतो का, हे तुमच्या तिसऱ्या पर्यायापुरते पहिले विचारायचे.

माझ्याकडून झालेली चूक थोडी वेगळी होती आणि ती मला चार वर्षांना पडली. पीएच.डी.नंतर मी पेशीच्या पटलात रुतून बसलेल्या एका प्रथिनाची रचना शोधायचे ठरवले. प्रश्न उत्तम होता, त्याविषयी कोणाचे दुमत नव्हते. त्या काळी अशी रचना हवी असेल तर प्रथिनाचा स्फटिक मिळवून त्यावर क्ष-किरण टाकणे हाच भरवशाचा मार्ग होता. २४ खळग्यांची प्लास्टिकची ताटली घ्यायची, प्रत्येक खळग्यात क्षार, आम्लता आणि पॉलिइथिलीन ग्लायकॉल यांचे किंचित वेगळे मिश्रण भरायचे, काचेच्या चकतीवर एक मायक्रोलिटर प्रथिन आणि एक मायक्रोलिटर मिश्रण यांचा थेंब ठेवायचा, चकती उलटी करून ग्रीस लावलेल्या कडेवर बसवायची आणि थेंब सावकाश आटताना त्यात स्फटिक धरतो का याची वाट पाहायची. दुसऱ्या दिवशी पाहायचे, तिसऱ्या दिवशी पाहायचे, आठवड्याने पुन्हा पाहायचे. सूक्ष्मदर्शकाखाली मला दिसायचा तो तपकिरी साका, नाहीतर तेलासारखे गोळे, नाहीतर स्वच्छ थेंब. एकदाच सुईसारखे लखलखीत स्फटिक आले. क्ष-किरणांखाली ते मिठाचे निघाले.

पुढे २०१३ च्या सुमारास इलेक्ट्रॉन थेट टिपणारे नवे कॅमेरे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकांना जोडले गेले, गोठवलेल्या नमुन्यांच्या प्रतिमांची स्पष्टता एकदम वाढली, आणि जी प्रथिने स्फटिक होऊ देत नव्हती त्यांच्या रचना स्फटिकाशिवायच मिळू लागल्या. माझे प्रथिनही त्यात सुटले, दुसऱ्याच एका गटाच्या हातून. त्यांचा शोधनिबंध वाचताना वाईट वाटले हे नाकारत नाही. पण त्याहून अधिक जाणवले ते हे की मी प्रश्न बरोबर निवडला होता आणि वर्ष चुकवले होते.

‘वर्ष’ म्हणजे त्या वेळी हाताशी असलेले हत्यार. बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधनसंस्थेतले गणितज्ञ रिचर्ड हॅमिंग जेवायला रसायनशास्त्रज्ञांच्या टेबलावर जाऊन बसत, तुमच्या क्षेत्रातले महत्त्वाचे प्रश्न कोणते असे विचारत, आणि काही दिवसांनी, मग तुम्ही त्यांवर काम का करत नाही, असे विचारत. ही गोष्ट नव्या संशोधकांना हमखास ऐकवली जाते. १९८६ च्या व्याख्यानात त्यांनी तिला जोडलेली पुरवणी मात्र गाळली जाते. कालप्रवास साधला किंवा गुरुत्वाकर्षणावर मात करता आली तर परिणाम प्रचंड होतील, तरीही हे महत्त्वाचे प्रश्न ठरत नाहीत, कारण त्यांना भिडायचा मार्ग आज कोणाजवळच नाही, असे त्यांचे म्हणणे होते. माझ्या मते क्षेत्र निवडण्याच्या सगळ्या सल्ल्यांत हा सर्वांत कामाचा आहे. तो प्रश्नाच्या आकाराकडून लक्ष काढून आपल्या हातांकडे वळवतो.

तो पाळला तर काय घडते याचे माझे आवडते उदाहरण जीवशास्त्रज्ञ सिडनी ब्रेनर यांचे आहे. १९६३ मध्ये त्यांनी आपल्या प्रयोगशाळेचे प्रमुख मॅक्स पेरुट्झ यांना पत्र लिहून कळवले की रेणवीय जीवशास्त्रातले जुने प्रश्न एक तर सुटले आहेत किंवा येत्या दशकात सुटतील, आणि पुढचे काम सजीवाची घडण आणि मज्जासंस्था यांत आहे. मेंदूकडे वळायला हवे असे वाटणारे तेव्हा इतरही होते. ब्रेनर यांनी केले ते असे की ‘मेंदू’ हा विषय न घेता त्यांनी एक मिलिमीटर लांबीचा पारदर्शक गोलकृमी घेतला. हा सी. एलेगन्स साडेतीन दिवसांत अंड्यापासून प्रौढ होतो, एकट्यानेच प्रजनन करू शकतो, आणि त्याच्या उभयलिंगी प्रौढात ९५९ कायिक पेशी व त्यांत ३०२ चेतापेशी असतात, म्हणजे त्या एकेक करून मोजता येतात. तरीही त्याच्या आनुवंशिकीवरचा पहिला मोठा शोधनिबंध १९७४ मध्ये आला आणि चेतापेशींच्या जोडणीचा नकाशा १९८६ मध्ये. पत्रापासून नकाशापर्यंत २३ वर्षे गेली. दहा वर्षांचा हिशेब मांडणाऱ्याने हा आकडा जवळ ठेवावा. योग्य हत्यार सापडले तरी काम झटपट होते असे नाही.

आता आवडीविषयी. ती खरी आहे की उसनी हे ओळखायला फ्रान्सिस क्रिक यांनी स्वतःपुरती वापरलेली एक कसोटी आहे. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश नौदलासाठी सुरुंगांवर काम करत होते. युद्ध संपले तेव्हा ते तिशीच्या उंबरठ्यावर होते आणि पीएच.डी. झालेली नव्हती. नौदलातल्या सहकाऱ्यांना प्रतिजैविकांविषयी मोठ्या उत्साहाने काही सांगत असताना त्यांच्या लक्षात आले की आपल्याला यातले धड काहीच माहीत नाही, आपण नुसत्या गप्पा ठोकतो आहोत. ज्याविषयी माणूस आपणहून गप्पा मारतो त्यातच त्याचा जीव असतो, असे त्यांनी धरले, आणि या चाळणीतून दोन विषय उरले: सजीव-निर्जीवांमधली सीमा आणि मेंदू. पहिल्यातून १९५३ मध्ये डीएनएची रचना आली. दुसरा त्यांनी सोडला नाही. १९७६ मध्ये ते सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये गेले आणि २००४ मध्ये निधन होईपर्यंत मेंदूवर आणि जाणिवेवरच काम करत राहिले.

या कसोटीत मी एक भर घालतो. निष्कर्षांविषयी गप्पा सगळेच मारतात. तुम्ही कोणत्या क्षेत्रातल्या अडचणींविषयी गप्पा मारता ते पाहा. कोणाचा कॅमेरा का बिघडला, कोणाच्या मोजणीत कुठून गोंगाट शिरला, हे ऐकताना तुमचे कान टवकारत असतील तर ते क्षेत्र तुमचे आहे. शोध लागल्याच्या बातमीने टवकारलेल्या कानांचा भरवसा मी धरत नाही.

गर्दीविषयी तुम्ही विचारलेले नाही, पण तो प्रश्न तुमच्या मनात असणार. १९८६ मध्ये बेडनॉर्ट्झ आणि म्युलर या भौतिकशास्त्रज्ञांनी तांब्याच्या ऑक्साइडमधली अतिसंवाहकता दाखवली, मार्च १९८७ मध्ये न्यूयॉर्कच्या परिषदेतले त्या विषयावरचे सत्र मध्यरात्र उलटून गेल्यावरही चालू राहिले, आणि त्याच वर्षी दोघांना नोबेल मिळाले. त्या रात्री सभागृहात असणे रोमांचक असेलच, पण तो शोध लागला तो बहुतेकांचे लक्ष धातू आणि मिश्रधातूंकडे असताना ऑक्साइडमध्ये शोधत बसलेल्या दोघांना. यावरून ‘रिकाम्या जागेत जा’ असा उपदेश काढणे सोपे आहे आणि तो मी करणार नाही, कारण पुष्कळ जागा रिकाम्या असतात त्या तिथे काही नाही म्हणूनच.

तरी काही जागा निव्वळ सवयीने रिकाम्या राहतात. माणसाच्या जीनोममध्ये प्रथिने घडवणारी सुमारे २०,००० जनुके आहेत आणि २००१ मध्ये जीनोमचा आराखडा प्रसिद्ध झाल्यापासून त्यांची यादी सर्वांसाठी खुली आहे. असे असूनही शोधनिबंधांचा मोठा भाग त्यांतल्या थोड्याशा जनुकांभोवती घोटाळत राहतो. कर्करोगाशी संबंधित टीपी५३ हे त्यांत अग्रभागी आहे. टीपी५३ महत्त्वाचे आहे यात शंका नाही. पण दुर्लक्षित जनुके बिनमहत्त्वाची ठरल्यामुळे मागे पडली असेही नाही. ज्या जनुकासाठी चांगली प्रतिपिंडे बाजारात मिळतात, ज्याचा उत्परिवर्तित उंदीर तयार आहे आणि ज्यावर आधीचे शंभर शोधनिबंध आहेत, त्याचा प्रस्ताव समितीला ‘सुरक्षित’ वाटतो. मी स्वतः समितीत बसून असे गुण दिले आहेत, हे कबूल करायला हवे. म्हणून रिकामी जागा दिसली की ती का रिकामी आहे हे आधी शोधा. हत्यार नव्हते म्हणून ती रिकामी असेल आणि ते हत्यार आता आले असेल, तर याहून चांगली संधी संशोधकाला क्वचितच मिळते.

क्षेत्र बदलण्याच्या किमतीविषयी मात्र मी तुम्हाला अंधारात ठेवणार नाही. लक्षावधी शोधनिबंधांचा अभ्यास करून २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसले की संशोधक आपल्या पूर्वीच्या कामापासून जितका दूर जातो तितका त्याच्या नव्या कामाचा प्रभाव सरासरीने कमी होतो. याच्या उलट म्हणून खगोलभौतिकशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचे नाव नेहमी पुढे केले जाते. ताऱ्यांची रचना, ताऱ्यांच्या समूहांची गती, प्रारणाचे वहन, द्रवांची स्थिरता, फिरणाऱ्या द्रवगोलांचे आकार आणि अखेरीस कृष्णविवरे असा प्रवास करताना त्यांनी साधारण दर दशकाला विषय बदलला आणि जवळजवळ प्रत्येक विषयाचा शेवट एका जाडजूड ग्रंथाने केला. पण बारकाईने पाहिले तर त्यांनी विषय बदलले, हत्यार बदलले नाही. अवकल समीकरणांवरची तीच हुकमत ते एका घरातून दुसऱ्या घरात घेऊन गेले.

मॅक्स डेलब्रुक यांचेही तसेच. १९३२ मध्ये नील्स बोर यांचे प्रकाश आणि जीवन या विषयावरचे व्याख्यान ऐकून हा पुंज भौतिकशास्त्रज्ञ जीवशास्त्राकडे वळला. सजीवांमध्ये भौतिकशास्त्राला अनोळखी असा एखादा विरोधाभास सापडेल ही त्याची आशा होती. तो कधीच सापडला नाही. पण मोजण्याची आणि संभाव्यतेने विचार करण्याची सवय त्याने सोबत आणली होती, आणि १९४३ मध्ये साल्व्हादोर लुरिया यांच्याबरोबर त्याने दाखवून दिले की विषाणूला दाद न देणारे जीवाणू विषाणूची गाठ पडण्याआधीच, योगायोगाने झालेल्या उत्परिवर्तनांतून तयार झालेले असतात. १९६९ च्या नोबेलमध्ये दोघांचा वाटा होता. ज्या कारणासाठी क्षेत्र निवडले ते कारणच पुढे चुकीचे ठरू शकते, आणि तरीही निवड वाया जात नाही.

म्हणून माझा नियम असा की एका वेळी एकच गोष्ट बदलावी, प्रश्न किंवा हत्यार. मी आधी पद्धत बदलली: प्रथिने तीच ठेवली आणि स्फटिकांकडून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाकडे आलो. आठ वर्षांनी पद्धत तीच ठेवून विषय बदलला. दोन्ही एकदम बदलणारे मी पाहिले आहेत. त्यांतले हुशार लोकही तीन-चार वर्षे विद्यार्थ्यासारखे चाचपडत होते, आणि पोस्टडॉकच्या, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या तात्पुरत्या, नेमणुका तेवढी वर्षे थांबत नाहीत.

निधीविषयी थोडक्यात. २०११ मधल्या एका अभ्यासात, प्रकल्पापेक्षा व्यक्तीवर विश्वास टाकून दीर्घ मुदतीचा निधी देणाऱ्या हॉवर्ड ह्यूज मेडिकल इन्स्टिट्यूटच्या संशोधकांची तुलना तोलामोलाच्या इतर संशोधकांशी केली होती. पहिल्या गटाकडून खूप गाजलेली कामे अधिक झाली आणि साफ फसलेलीही अधिक झाली. मोकळीक दिली की लोक धोका पत्करतात, एवढे त्यातून नक्की दिसते. तुम्हाला ती मोकळीक सुरुवातीला मिळणार नाही, तेव्हा आठवड्यातला एक दिवस आपल्या नावावर राखून ठेवता येईल असा मार्गदर्शक शोधा. क्षेत्राच्या नावापेक्षा याचा फरक अधिक पडतो.

आता तुमचे तीन पर्याय. अतिसंवाहकता सोडण्याची घाई करू नये असे मला वाटते. २०१५ मध्ये हायड्रोजन सल्फाइड वातावरणाच्या सुमारे १५ लाख पट दाबाखाली २०३ केल्विनला (सुमारे उणे ७० अंश सेल्सिअसला) अतिसंवाहक होते हे दिसले, आणि २०१८ मध्ये ग्रॅफीनचे, म्हणजे एका अणूइतक्या जाडीच्या कार्बनचे, दोन थर सुमारे १.१ अंशांनी फिरवून ठेवले की तेही अतिसंवाहक होतात हे दिसले. यातला दुसरा शोध म्हणजे खऱ्या अर्थाने नवे हत्यार आहे, कारण तिथे इलेक्ट्रॉनांची घनता विद्युतदाबाने कमी-जास्त करता येते आणि दर वेळी नवा पदार्थ भट्टीतून काढावा लागत नाही. खोलीच्या तापमानाच्या शर्यतीपासून मात्र दूर राहा. तिथले गाजलेले काही दावे मागे घ्यावे लागले आहेत.

मेंदूविज्ञान तुम्हाला खुणावत असेल तर त्याचीही वेळ वाईट नाही. फळमाशीच्या प्रौढ मेंदूतील सुमारे १,३९,००० चेतापेशींच्या जोडणीचा नकाशा २०२४ मध्ये पूर्ण झाला आणि तो कोणालाही पाहता येतो. अडचण अशी की कृमीचा नकाशा १९८६ पासून उपलब्ध असूनही, केवळ त्यावरून कृमी पुढच्या क्षणी काय करील हे सांगता येत नाही. नकाशा आणि वर्तन यांच्यातल्या या दरीत असंख्य घटकांच्या सामूहिक वागण्याचे गणित जाणणाऱ्या माणसाला काम आहे, आणि ते गणित तुम्ही शिकलेले आहात. तिथे गेलात तर हत्यार तुमचेच राहील आणि प्रश्न तेवढा नवा असेल. कृष्णद्रव्यात दोन्ही नवे असतील.

ठरवण्याआधी प्रत्येक क्षेत्रातल्या एका गटाच्या साप्ताहिक बैठकीला सलग चार आठवडे बसा. प्रमुखांशी बोलणे झाले की सर्वांत नव्या विद्यार्थ्याला गाठा आणि गेल्या महिन्यात फसलेल्या प्रयोगांची वही दाखवायला सांगा. ती चाळताना ‘इथे मी असे करून पाहिले असते’ असे मनात येते की घड्याळाकडे लक्ष जाते, हे आपले आपल्याला कळते.

मला आज मोकळीक मिळाली तर काय निवडीन, हे सांगायचे राहिले. २०१६ मध्ये प्रयोगशाळेत शक्य तितक्या कमी जनुकांवर जगणारा एक जीवाणू घडवण्यात आला. त्यात ४७३ जनुके होती आणि त्यांतल्या १४९ जनुकांचे नेमके काम काय, हे तेव्हा ठाऊक नव्हते. जगण्यासाठी लागणाऱ्या सामानापैकी जवळजवळ एक तृतीयांश सामान कशासाठी आहे हे माहीत नसावे, ही गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. मला ती अनोळखी प्रथिने पेशीतून बाहेर न काढता जागच्या जागी पाहायची आहेत. त्यासाठी नमुना झटकन गोठवावा लागतो, आणि तो जाड असला तर आयनांच्या झोताने तासून दीडएकशे नॅनोमीटर जाडीचा काप करावा लागतो, मग तो काप वेगवेगळ्या कोनांत कलता करून त्याच्या प्रतिमा घ्याव्या लागतात. जीवाणूंपर्यंत मी अजून पोहोचलेलो नाही. सध्या यीस्टच्या पेशींवर हात बसवतो आहे. निवृत्तीला थोडी वर्षे उरली असल्याने मी यासाठी कुठेही प्रस्ताव दिलेला नाही. शनिवारी एका विद्यार्थिनीशेजारी बसून तिच्याकडून ते शिकतो. गेल्या शनिवारी आम्ही केलेल्या बारा कापांपैकी तीन शाबूत राहिले आणि त्यांतल्या एकावर बर्फ साचला. घरी गेल्यावर जेवण होईपर्यंत मी त्या बर्फाविषयीच बोलत होतो.